सेवागृहांतील संसर्ग : भिंतींचा आणि हातांचा इतिहास

रुग्णाभ्यंगाच्या संस्काराविषयी चर्चच्या कायदेसंहितेत एक लहानसे कलम आहे. धर्मगुरूने अभ्यंग स्वतःच्या हाताने करावे. गंभीर कारण असेल तरच एखाद्या साधनाचा उपयोग करावा, असे १९८३ च्या संहितेतील १००० व्या कलमाचा दुसरा भाग सांगतो. १९१७ च्या संहितेतही याच आशयाची तरतूद होती. हे गंभीर कारण म्हणजे प्रामुख्याने साथीचा रोग. युरोपातील प्लेगच्या दिवसांत धर्मगुरूंनी लांब दांडीच्या टोकाने रोग्याच्या कपाळी तेल लावल्याचे उल्लेख आहेत. जुन्या रोमी विधिग्रंथात आणखीही एक बारकावा होता. अभ्यंग झाल्यावर धर्मगुरूने आपला अंगठा पावाच्या गराने पुसावा, हात धुवावेत, आणि तेल टिपलेला कापूस जाळून टाकावा. या नियमामागे तेलाच्या पावित्र्याची चिंता होती. रोग्याच्या सुरक्षिततेची नव्हे. तथापि एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे जाणारा हात हा काही निरुपद्रवी पदार्थ नाही, एवढी जाणीव त्या नियमात नकळत का होईना उतरली होती, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

हा विषय आज मांडण्याचे कारण आमच्या परिसरातच आहे. पौष पौर्णिमेच्या यात्रेसाठी आणि गुराढोरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले म्हसा गाव मुरबाड तालुक्यात येते. मुरबाड आणि त्याला लागून असलेला शहापूर हे दोन्ही तालुके मुंबई-कल्याणच्या मानाने स्वस्त जमिनीचे, झाडीचे आणि शांततेचे. त्यामुळे गेल्या काही दशकांत या डोंगरपायथ्यांना वृद्धाश्रम उभे राहिले. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटले की बाळंतपणाचे छोटे खाजगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते आणि १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदाही मुख्यतः तशाच संस्थांना लागू केला जातो. परंतु पाश्चात्त्य देशांत ज्यांना हे नाव आहे, त्या जागी आपल्याकडे हे वृद्धाश्रमच आहेत. अंथरुणाला खिळलेले, लघवीची नळी लावलेले, पाठीला जखमा झालेले, स्मृती हरपलेले म्हातारे तेथे वर्षानुवर्षे राहतात. त्यांची सेवा करणारे हात बहुधा जवळच्या पाड्यांतील ठाकर, कातकरी आणि कुणबी मुलींचे असतात. अशा घरात एकाचा रोग दुसऱ्याला होऊ नये म्हणून काय करावे, हा प्रश्न वैद्यकाचा खरा. पण त्याला एक मोठा इतिहास आहे आणि तो आपल्या भूमीवरही घडलेला आहे.

त्या इतिहासाकडे पाहताना मला एक गोष्ट सतत जाणवते. संसर्ग थोपविण्यासाठी माणसाने दोन उपाय योजले : एक भिंतीचा आणि दुसरा हाताचा. भिंतीचा उपाय रोग्याला दूर ठेवतो. हाताचा उपाय सेवा करणाऱ्याला शिस्त लावतो. सत्ताधाऱ्यांना, संस्थाचालकांना आणि कधीकधी आम्हा धर्मसेवकांनाही पहिला उपाय नेहमीच अधिक सोयीचा वाटला, कारण त्याची किंमत रोगी मोजतो.

मठांच्या परंपरेपासून सुरुवात करू. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीचा छत्तिसावा अध्याय आजारी बंधूंसाठी लिहिला. त्यांच्यासाठी वेगळी खोली असावी, देवभीरू आणि दक्ष सेवक असावा आणि गरजेनुसार त्यांना स्नान घालावे, असे त्यात सांगितले आहे. निरोगी व तरुण बंधूंना मात्र स्नानाची परवानगी क्वचितच द्यावी, असेही पुढे म्हटले आहे! आजच्या वाचकाला हसू येईल. पण आजाऱ्याचे स्नान ही चैन नसून शुश्रूषेचा भाग आहे, हा विचार तेथे स्पष्ट आहे.

हीच परंपरा पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आली. गोवा जिंकल्यावर आफोन्सो द आल्बुकेर्क याने तेथे राजाचे रुग्णालय स्थापिले. पुढे त्याची व्यवस्था 'सांता काझा द मिझेरिकोर्दिया' या दयासंस्थेकडे आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस येशूसंघीयांकडे आली. फ्रान्स्वा पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी १६०८ मध्ये आजारी अवस्थेत तेथे पोहोचला. त्याने या रुग्णालयाची स्तुती करताना हात आखडता घेतला नाही. सुबक खाटा, स्वच्छ चादरी, चांदीची आणि चिनी मातीची ताटे, वेळेवर वैद्य. जगात याच्या तोडीचे रुग्णालय नसावे, असे त्याचे मत झाले. हे रुग्णालय गोऱ्या सैनिकांसाठी होते आणि एतद्देशीयांची सोय निराळी होती, हे येथे नोंदवून पुढे जातो.

आता दुसरी बाजू पाहा. सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत याच रुग्णालयात सुमारे २५,००० पोर्तुगीज सैनिक मरण पावले, असा आकडा इतिहासकार चार्ल्स बॉक्सर यांनी दिलेला आहे. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, तोच हा काळ. एकीकडे मराठी भाषेचे वैभव वर्णिणारा ग्रंथ छापखान्यातून बाहेर पडत होता आणि काही कोसांवर चांदीच्या ताटांत जेवणारी माणसे पटापट मरत होती. यांतील पुष्कळ जण लांबच्या सागरप्रवासाने आधीच खंगलेले असत आणि हिवतापानेही अनेकांचा बळी घेतला, हे खरे. परंतु जुन्या गोव्याच्या ऱ्हासाची कारणे सांगताना अभ्यासक तेथल्या पाण्याकडेही बोट दाखवतात. जांभ्या दगडाची जमीन सच्छिद्र. तिच्यात शौचकूप आणि विहिरी जवळजवळ. घाण झिरपे आणि तेच पाणी लोक पीत. ताट चकाकत होते, पाणी मात्र दूषित होते. येशूसंघीयांच्या सेवाभावात काही उणे नव्हते. डोळ्यांना दिसणारी स्वच्छता आणि रोगजंतूंपासूनची स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. आज ठाऊक असूनही वृद्धाश्रमाला भेट देणारे पाहुणे लाद्यांची चकाकी पाहूनच प्रशस्तिपत्रक लिहून जातात.

हे ज्ञान ज्याने प्रथम पुराव्यानिशी मांडले, त्याची कथा पुष्कळांना माहीत असेल. तरीही तिच्यातील एक प्रसंग आपल्या वाचकांना सांगण्यासारखा आहे. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात शेकडा ११ हून अधिक बाळंतिणी सूतिकाज्वराने गेल्या. दुसऱ्या विभागात तीनही नाही. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने एकेक कारण तपासून बाद केले. त्यांत एक कारण धर्मगुरूचे होते. अंत्यसंस्कार देण्यासाठी येणारा धर्मगुरू, पुढे घंटा वाजवणारा सेवक घेऊन, पहिल्या विभागातील खाटांमधून जाई. घंटेच्या आवाजाने बाळंतिणी धास्तावून मरत असतील का? सेमेलवाइसने धर्मगुरूला विनंती करून दुसऱ्या वाटेने, घंटा न वाजवता यायला लावले. मृत्यू कमी झाले नाहीत.

पुढे मार्च १८४७ मध्ये त्याचे स्नेही प्राध्यापक कोलेचका शवविच्छेदनाच्या वेळी बोटाला सुरी लागून वारले. त्यांच्या शरीरात बाळंतिणींच्या शरीरासारखीच लक्षणे दिसली आणि कोडे उलगडले. विद्यार्थी शवगृहातून थेट प्रसूतिकक्षात येत होते. रोग त्यांच्या हातांवरून येत होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. १८४८ साली पहिल्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा सव्वावर आले. परंतु 'तुमच्या हातांनी माणसे मेली' हे ऐकून घेण्याची विद्वानांची तयारी नव्हती. सेमेलवाइस १८६५ मध्ये एका मनोरुग्णालयात जखम चिघळून मरण पावला. पाश्चर, लिस्टर आणि कॉख यांच्या संशोधनाने जंतूंचे अस्तित्व सिद्ध झाले तेव्हा कुठे त्याचे म्हणणे सर्वमान्य झाले.

आता मुंबईकडे वळू. १८९२ साली दोन गोष्टी घडल्या. आमच्या शहापूर भागातील तानसा तलावाचे पाणी नळाने मुंबईला पोहोचले आणि आर्थर रोडवर साथीच्या रोगांचे रुग्णालय सुरू झाले. तेच आजचे कस्तुरबा रुग्णालय. चारच वर्षांनी त्याची कसोटी लागली. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी मांडवी भागातील एका रोग्याला प्लेग झाल्याचे निदान केले. डॉ. व्हिएगस बार्देशातील हडफड्याचे, आपल्याच समाजाचे. धोबी तलावाजवळ त्यांचा पुतळा उभा आहे, पण त्याच्याकडे मान वर करून पाहणारे थोडेच.

सरकारने भिंतीचा उपाय निवडला. ऑक्टोबर १८९६ मध्ये रोग्यांना सक्तीने वेगळे करण्याचे आदेश निघाले. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. लोकांना वाटे, येथे माणसे बरी करायला नव्हे, मारायला नेतात. १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला. पुण्यात रँडच्या शिपायांनी घरे झडती घेऊन उपसली आणि त्याची परिणती २२ जूनच्या गणेशखिंडीतील हत्येत झाली. तो इतिहास शालेय पुस्तकात येतो. त्यात न येणारी एक गोष्ट अशी की पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी 'बाँबे गार्डियन' पत्रातून पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील आणि विलगीकरणाच्या छावणीतील गैरव्यवस्थेवर, विशेषतः स्त्रियांच्या असुरक्षिततेवर, कठोर टीका केली. ती टीका लंडनच्या पार्लमेंटपर्यंत पोहोचली. एका ख्रिस्ती स्त्रीने ख्रिस्ती म्हणविणाऱ्या सरकारला जाब विचारला, याचे मोल आपण पुरेसे जाणले आहे असे मला वाटत नाही.

त्याच वर्षी हडपसरजवळच्या माळावर डॉ. यशवंत फुले यांचा प्लेगचा दवाखाना होता. मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलाला सावित्रीबाई फुले यांनी पाठीवर घेऊन तेथे आणले. मूल वाचले असे सांगतात. सावित्रीबाईंना मात्र प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

प्लेग रुग्णालयांत एक चमत्कारिक गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानी येऊ लागली होती. तेथील परिचारिका आणि सेवकांना गाठीचा प्लेग क्वचितच होई. सावित्रीबाईंचे मरण डोळ्यांसमोर असताना हे सांगणे विचित्र वाटेल. पण स्वच्छ, हवेशीर, उंदीर नसलेले रुग्णालय हे शहरातल्या चाळीपेक्षा सुरक्षित ठरत होते. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरच्या पिसवांकडे बोट दाखविले आणि पुढे परळच्या प्रयोगशाळेत त्यावर शिक्कामोर्तब झाले. म्हणजे माणसाला अडविण्यासाठी एवढ्या भिंती बांधल्या, घरे उपसली, अब्रू वेशीवर टांगली. आणि पिसू मात्र त्या भिंतींखालून सुखाने ये-जा करीत होती.

परळच्या प्रयोगशाळेचा विषय निघाला म्हणून डॉ. वाल्डेमार हाफकिन यांच्याविषयी लिहिणे भाग आहे. १८९६ च्या ऑक्टोबरात ते मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लाखो लोकांना ती टोचली गेली. मग ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातील मुलकोवाल गावी अघटित घडले. एकाच बाटलीतील लस टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. हाफकिन यांच्यावर ठपका आला. निर्दोषत्व मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. चौकशीत पुढे आले ते असे : बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. मातीत धनुर्वाताचे बीज असतेच. जगातील उत्तम प्रयोगशाळेत तयार झालेली लस एका खाली पडलेल्या चिमट्याने विष झाली.

ही कथा मला आमच्याकडील परिस्थितीशी अगदी जवळची वाटते. वृद्धाश्रमात प्रयोगशाळा नसते, पण चिमटा असतो. जखम पुसण्याचे भांडे असते, थर्मामीटर असते, लघवीची पिशवी रिकामी करण्याचा डबा असतो, आणि बहुतेक ठिकाणी सगळ्यांचे तोंड पुसणारा एकच पंचा असतो.

भिंतीच्या उपायाचा सर्वांत दीर्घ अध्याय कुष्ठरोगाचा आहे. नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जिवाणू शोधला. रोग अनुवंशिक नसून संसर्गजन्य आहे हे कळल्याने वास्तविक भीती कमी व्हायला हवी होती, ती वाढली. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ यांनी १८९० मध्ये माटुंग्याला बेघर महारोग्यांसाठी आश्रम उभारला. वडाळ्याचे ॲक्वर्थ रुग्णालय ते हेच. साहित्यप्रेमी वाचकांना हे नाव दुसऱ्या कारणाने परिचित असेल. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने मराठी पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध करणारे ॲक्वर्थ तेच. शाहिरांची गाणी वेचणारा आणि रस्त्यावरचे महारोगी वेचणारा हा एकच माणूस. त्याची करुणा खरी होती, यात मला शंका नाही. पण त्या करुणेला भिंत होती. १८९८ चा महारोगी कायदा त्या भिंतीला कायद्याचे बळ देता झाला. निष्कांचन रोग्याला पकडून आश्रमात डांबण्याची मुभा त्यात होती. कुष्ठरोगाचा संसर्ग सहजासहजी होत नाही, बहुतेक माणसांत त्याविरुद्ध नैसर्गिक शक्ती असते आणि १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो, हे सर्व सिद्ध झाल्यानंतरही केंद्राच्या कायदेपुस्तकातून तो कायदा निघाला २०१६ साली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहू नये, ही दुरुस्ती २०१९ ची.

वृद्धांच्या सेवागृहांचा इतिहास आपल्या चर्चमध्ये संत जान जुगान यांच्यापासून सांगितला जातो. १८३९ च्या हिवाळ्यात ब्रिटनीतील सें-सर्व्हां गावी त्यांनी एका आंधळ्या वृद्धेला घरी आणून स्वतःचे अंथरूण दिले. 'गरिबांच्या धाकट्या भगिनी' हा संघ त्यातून जन्मला आणि २००९ मध्ये जान जुगान यांना संतपद लाभले. त्यानंतरचे मोठे नाव अर्थातच कोलकात्याच्या मदर तेरेसा यांचे. कालीघाटचे 'निर्मल हृदय' १९५२ चे. येथे एक अप्रिय गोष्ट नोंदविणे मला आवश्यक वाटते. १९९४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक डॉ. रॉबिन फॉक्स यांनी तेथील भेटीचा वृत्तान्त लिहिला. स्वच्छता, जखमांची निगा आणि प्रेमळपणा यांची त्यांनी प्रशंसा केली. परंतु बरे होऊ शकणारे आणि न होऊ शकणारे रुग्ण यांत फरक केला जात नाही, निदानाची पद्धत ढिसाळ आहे आणि वेदनाशामकांचा तुटवडा आहे, असेही स्पष्ट लिहिले. असा फरक न केल्यास जगू शकणारा मनुष्यही शेजाऱ्याच्या संसर्गाने दगावू शकतो. आपल्यापैकी अनेकांना ही टीका निंदेसारखी वाटली. मला ती सेमेलवाइसच्या बोलण्यासारखी वाटते. प्रेमाने स्पर्श करणारा हात धुतलेला असेलच असे नाही, हे प्रेमाविरुद्धचे विधान नव्हे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर असे वाटले की या सगळ्या काळजीतून मनुष्य सुटला. पेनिसिलीन आले. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि ते औषध आपल्याच मातीवर तयार होऊ लागले. पण त्याचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच इशारा दिला होता : अपुऱ्या मात्रेत औषध घेतले तर जंतू मरणार नाहीत, ते औषध पचवायला शिकतील. तसेच घडले. २००८ साली स्वीडनमधील एका रुग्णाच्या शरीरात, जो पूर्वी दिल्लीत उपचार घेऊन आला होता, असा जिवाणू सापडला की जवळजवळ शेवटची म्हणून राखून ठेवलेली औषधेही त्याच्यापुढे निष्प्रभ ठरली. त्याला हे बळ देणाऱ्या द्रव्याच्या नावात नवी दिल्ली आली म्हणून आपल्याकडे राष्ट्रीय अपमानाची भाषा झाली. नावाचा वाद बाजूला ठेवला तरी औषधाच्या दुकानात चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या गोळ्या आणि तीन दिवसांत सोडून दिलेले उपचार ही आपली रोजची गोष्ट आहे. अशा काही औषधांच्या विक्रीची दुकानदाराने नोंद ठेवावी, हा नियम २०१४ पासून लागू आहे. तो किती पाळला जातो हे ज्याचे त्याने आपल्या गावच्या दुकानात जाऊन पाहावे.

वृद्धाश्रमाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? आमच्याकडचा वृद्ध आजारी पडला की त्याला कल्याण, उल्हासनगर किंवा ठाण्याच्या रुग्णालयात नेतात. पंधरा दिवसांनी तो परत येतो, तेव्हा त्याच्यासोबत औषधांची पिशवी येते, लघवीची नळी येते आणि कधीकधी कोणत्याही औषधाला दाद न देणारा जिवाणूही येतो. तो जिवाणू त्याच्या त्वचेवर किंवा आतड्यात मुकाट्याने राहतो. त्याला काही होत नाही. मग एखादी सेविका त्याची नळी साफ करते आणि त्याच हातांनी शेजारच्या आजीच्या पाठीवरील जखम पुसते. चार दिवसांनी आजीला ताप भरतो. 'वयच झाले होते' असे सगळे म्हणतात.

नोव्हेंबर २०२१ मध्ये शेजारच्या भिवंडी तालुक्यातील सोरगाव येथील एका वृद्धाश्रमात साठहून अधिक जणांना एकाच वेळी कोविड झाल्याचे आढळले, तेव्हा वर्तमानपत्रांचे लक्ष या घरांकडे वळले. तो विषाणू होता आणि त्याचा मार्ग हवेचा होता. परंतु एका छपराखाली, एकाच जेवणघरात, त्याच चार-सहा सेवकांच्या हाताखाली राहणारी दुर्बळ माणसे किती झटकन एकमेकांचा आजार घेतात, हे त्यातून दिसले. जिवाणूंचे आजार बहुधा असे एका दिवसात साठ माणसांना धरत नाहीत. ते एकेक करून नेतात, म्हणून त्यांची बातमी होत नाही.

उपाय काही गूढ नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हात केव्हा स्वच्छ करावेत याचे पाच प्रसंग सांगितले : रोग्याला स्पर्श करण्यापूर्वी, जखम किंवा नळी हाताळण्यापूर्वी, मलमूत्र वा रक्ताशी संबंध आल्यावर, रोग्याला स्पर्श केल्यानंतर, आणि केवळ त्याची खाट किंवा वस्तू हाताळल्या तरी त्यानंतर. याच संघटनेने मद्यार्क, ग्लिसरीन, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उकळून गार केलेले पाणी यांपासून हातावर चोळण्याचे द्रावण कमी खर्चात तयार करण्याची कृतीही जगाला मोफत दिली. हात मळलेले दिसत असतील तर मात्र साबण आणि पाणीच लागते. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलली तर पाठीला जखम होण्याचा धोका कमी होतो. नळी गरज संपताच काढून टाकली तर मूत्रमार्गाचा संसर्ग निम्मा टळतो, असे अनुभवी परिचारिका सांगतात. प्रत्येक खाटेला स्वतंत्र पंचा आणि स्वतंत्र भांडे असावे. दोन-तीन आठवडे खोकणाऱ्याची थुंकी क्षयासाठी तपासून घ्यावी. ती तपासणी आणि क्षयाची औषधे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत आहेत. आणि जुलाब झालेल्या सेविकेला, तिचा पगार न कापता, सुटी द्यावी. यादीतील हे शेवटचे कलम बहुतेक व्यवस्थापकांना सर्वांत महाग वाटते. रोजगार बुडेल या भीतीने आजारी हातांनी पोळ्या लाटणारी बाई हा दोष तिचा नव्हे.

अशा घरांत भिंतीचा उपाय अजूनही आवडीचा आहे, हे मी पाहतो. 'आजोबांना बाजूच्या खोलीत ठेवले आहे' असे सांगितले जाते आणि त्या खोलीत जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाच्या हातांविषयी कोणी काही बोलत नाही. कधी वेगळे ठेवणे जरूरीचे असते. क्षयाचा रोगी पहिले काही आठवडे वेगळा ठेवावाच लागतो. परंतु स्मृती हरपलेल्या म्हातारीला दार लावून ठेवणे हे तिच्या दृष्टीने मरणाआधीचे मरण असते. १८९६ सालच्या गिरणी कामगाराला जे कळत होते, ते ती सांगू शकत नाही एवढाच फरक.

हाताच्या उपायाला एक गोष्ट लागते, ती म्हणजे पाणी. साबण शहरातून आणता येतो, द्रावण बाटलीतून येते, पण मळलेला हात, ओली चादर, विष्ठेने भरलेले कपडे आणि माणसाचे अंग यांना पाणी हवे. १८९२ चा तानसा, १९५० च्या दशकातला मोडकसागर, त्यानंतरचा भातसा आणि २०१४ चा मध्य वैतरणा, अशी मुंबईची तहान भागविणारी धरणे शहापूर तालुक्याच्या आणि त्याच्या आसपासच्या डोंगरांत आहेत. बारवीचे पाणी कारखान्यांना आणि शहरांना जाते. आणि दरवर्षी एप्रिल-मे उजाडला की याच शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर स्त्रिया टँकरची वाट पाहत हंडे रांगेत लावतात. आमच्याकडील वृद्धाश्रमांची विंधनविहीरही त्याच महिन्यांत आटते. तेव्हा धुणे दोन दिवसांआड होते, स्नान आठवड्यावर जाते, हात एका घमेल्यातल्या त्याच पाण्यात बुडवले जातात. त्या घमेल्याजवळ उभ्या असलेल्या मुलीला पाच प्रसंगांचा तक्ता शिकविण्यापूर्वी तिच्या नळाला पाणी किती वाजता येते हे विचारावे लागते. छपरावरचे पावसाचे पाणी साठविणारी एक टाकी, तोटी असलेला एक झाकणाचा पिंप आणि हात धुण्यापुरते पाणी टँकर येईपर्यंत राखून ठेवण्याचा नियम, एवढ्यावर काही घरांनी मे महिना निभावून नेल्याचे मी पाहिले आहे. पावसाळ्यात या डोंगरांवर पाऊस इतका कोसळतो की टाकी भरायला एक आठवडा पुरतो. ती बांधायची मात्र उन्हाळ्यात असते.